मिस टॉलमनची आजी

"इंडियन" हा शब्द एस्तेरच्या तोंडून जसाच्या तसा निघून गेला आणि पुढच्या सतरंजीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मिस टॉलमन आपल्या आजीची हकिकत सांगत होत्या. एक वाक्य इंग्रजीत बोलून त्या थांबायच्या, मान किंचित कलती करायच्या आणि एस्तेर ते वाक्य मराठीत बायकांपुढे ठेवायची. अकरा वर्षं ती हेच करत आली होती. आताचं वाक्य असं होतं, की आजीच्या गाड्यांवर इंडियन लोक चालून आले तेव्हा आजी बंदूक घेऊन चाकाआड बसली. एस्तेरनं ते सांगितलं, आणि केडगावची आक्काबाई, दात नसलेलं तोंड उघडून, भर सभेत म्हणाली, "मंजी आमीच का वो बाई? आमी कवा गेल्तो तिकडं?" मग सगळ्याच हसल्या. मिस टॉलमननी इंग्रजीत विचारलं, की का हसताहेत. एस्तेरनं सांगितलं. मिस टॉलमनही हसल्या, लहान मुलांच्या चुकीला हसावं तशा, आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, तुम्ही नव्हे. ते दुसरे. त्या जमिनीवर आधी भटकत असलेले रानटी लोक." एस्तेरनं बायकांकडे वळून सांगितलं, "तुम्ही नव्हे. त्या जमिनीवर आधीपासून राहणारे लोक." आपण 'भटकत असलेले'च्या जागी 'राहणारे' म्हटलं आणि 'रानटी' गाळूनच टाकलं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. अकरा वर्षांत तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. तिचे कान गरम झाले. मिस टॉलमन पुढचं वाक्य बोलून मान कलती करून वाट बघत होत्या, आणि एस्तेरला ते ऐकूच आलं नव्हतं.

सेहेचाळीस सालचा मार्च. नगरच्या मिशन शाळेच्या सभागृहात खिडक्यांना ओले पडदे लावूनही झळा आत येत होत्या. मिस टॉलमन कापडी पंख्यानं वारा घेत होत्या आणि अमेरिकेतल्या गवताळ प्रेरीवरच्या बर्फाबद्दल बोलत होत्या. त्यांना त्यांच्या गावच्या मंडळींनी पैसे पाठवले होते, आणि त्या पैशांतून त्यांनी खर्ड्याच्या अलीकडे आबासाहेब नावाच्या जमीनदाराकडून ऐंशी एकर माळ विकत घेतला होता. तिथे दहा ख्रिस्ती कुटुंबं वसवायची होती. पुरुष तयार होते. बायका जायला तयार नव्हत्या, आणि बायका तयार नसल्या की पुरुषही दोन दिवसांत नरम पडत. म्हणून हा बेत, तीन शुक्रवार, तीन व्याख्यानं. अमेरिकेच्या रानात पहिल्यांदा गेलेल्या धाडसी स्त्रियांची चरित्रं ऐकवायची, म्हणजे इथल्या बायकांनाही हुरूप येईल. एस्तेरनं हा बेत पहिल्यांदा ऐकला तेव्हाच तिला हसू आलं होतं. स्वतःची आजी एवढी थोर वाटणारी माणसं तिला नेहमीच थोडी अडाणी वाटत. आणि तिला स्वतःला त्या आजीला 'माझी आजी' म्हणावं लागायचं, कारण दुभाष्यानं 'त्या म्हणतात' असं लावायचं नाही, बोलणाऱ्याच्याच तोंडानं बोलायचं, हा मिस टॉलमनचा दंडक होता. "माझी आजी दीड हजार मैल बैलगाडीबरोबर चालत गेली," नऊवारीतली काळीसावळी एस्तेर भिंगारदिवे सांगायची. बायकांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांना कशातच वावगं वाटत नसे, असं एस्तेरचं मत होतं. रडायच्या जागी रडायचं, 'आमेन'च्या जागी 'आमेन' म्हणायचं आणि शेवटी चहा प्यायचा.

पण त्या दिवशी आणखी एक झालं. मिस टॉलमनचा आवाज खाली आला. त्या प्रदेशात झाडंच नव्हती, त्यांनी सांगितलं, लाकूड नव्हतं, गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेपा रचून घरं बांधावी लागली, पावसात छतातून चिखल ताटात पडायचा. आणि जळण म्हणून, इथे त्यांनी डोळे मिटले, त्यांच्या आजीला, चांगल्या घरातल्या शिकलेल्या मुलीला, स्वतःच्या हातांनी रानातलं वाळलेलं शेण वेचून चुलीत घालावं लागलं. एस्तेरनं ते तसंच सांगितलं. सगळ्याजणी पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. शेण वेचलं, बरं, मग काय झालं? पुढे काहीच नव्हतं. तेच दुःख होतं. शेवटी मागच्या रांगेतली रतनबाई, जिच्या हातांना त्या सकाळच्या गवऱ्यांचा वास अजून असेल, ती सावकाश म्हणाली, "मग? वली निगाली व्हय?" कुणी हसलं नाही. एस्तेरनं मात्र पदर तोंडावर धरला आणि खोकल्यासारखं केलं. गवऱ्या ओल्या निघाल्या होत्या का, असा प्रश्न तिनं मिस टॉलमनना इंग्रजीत विचारला, अगदी सरळ चेहऱ्यानं, आणि त्यांचा गोंधळलेला गोरा चेहरा बघताना तिला एवढं सुख झालं की नंतर तिची तिलाच लाज वाटली.

घरी आल्यावर तिनं हे शांतवनला सांगितलं. शांतवन छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा, आणि उलटी अक्षरं बघून बघून त्याच्या कपाळाला एक कायमची आठी पडली होती. तो हसला नाही. "तुला सांगतात तेवढं सांगावं. नळातनं पाणी येतं, नळ काय त्यात आपलं मीठ घालतो का?" तो म्हणाला. दोन खोल्यांचं हे बिऱ्हाड शाळेच्या आवारातलं होतं आणि एस्तेरच्या नोकरीबरोबर मिळालेलं होतं, हे त्याला बोलावं लागत नसे. तो नुसता भिंतींकडे बघायचा. एस्तेरला त्याच्या त्या बघण्याचा तिटकारा होता. तिनं दिवा पुसला, काच लावली आणि मिस टॉलमननी दिलेलं पुस्तक उघडलं. आजीची पत्रं घरच्यांनी छापून काढली होती. त्यातली निवडक तिला बायकांना वाटायच्या पुस्तिकेसाठी मराठीत करायची होती. नको असलेल्या पानांवर निळ्या पेन्सिलीची तिरकी रेघ होती. पत्रं कंटाळवाणी होती. पीठ, ताप, टोळ, वारा. वारा प्रत्येक पत्रात होता. एका पत्रात तर आजीनं एवढंच लिहिलं होतं की आज बोलायला कुणी नव्हतं म्हणून मी कोंबड्यांना स्तोत्र म्हणून दाखवलं. ते वाचून एस्तेरचं बोट ओळीवर थांबलं आणि तिला स्वतःचा राग आला. या बाईबद्दल आपल्याला काही वाटावं अशी तिची इच्छा नव्हती. मग ती निळी रेघ मारलेली पानं वाचू लागली. शाळेत असल्यापासून तिला खोडलेलं वाचायची सवय होती.

एका खोडलेल्या पानावर आजीनं आपल्या बहिणीला लिहिलं होतं, की आम्ही ओढ्याकाठी आलो तेव्हा तिथे एका इंडियन बाईचं मक्याचं शेत होतं, भोपळ्याचे वेल होते आणि जमिनीत खणलेलं, आतून गवत लावलेलं धान्याचं पेव होतं. नवऱ्यानं आणि त्याच्या भावांनी त्या माणसांना हाकलून दिलं. तो सबंध हिवाळा आम्ही त्या पेवातल्या मक्यावर काढला, नाहीतर मुलं मेली असती. फेब्रुवारीत ती बाई परत आली. पेवाच्या तोंडाशी बर्फात उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी दार लावून घेतलं. लोक मला इथे धीराची म्हणतात. तुला म्हणून सांगते, त्या दाराआड मी जेवढी घाबरले तेवढी लांडग्यांनाही घाबरले नव्हते.

एस्तेरनं पुस्तक मिटलं. तिला तो खर्ड्याजवळचा माळ माहीत होता. अडतीस साली तिला त्या बाजूच्या एका वस्तीवर शिकवायला पाठवलं होतं आणि जाता-येता तो माळ ओलांडावा लागे. तो ओसाड नव्हता. तिथे दहा-बारा पालं होती. एके काळी फिरती असलेली ती माणसं तेव्हाच पंधरा वर्षं एका जागी राहत होती, त्यांची शेरडं होती, बाजरीचा एक वेडावाकडा तुकडा होता, आणि मधोमध कातळात उतरलेली एक विहीर होती. ती विहीर ते अजून खोल करत होते तेव्हा. भर उन्हात खाली छिन्नी वाजायची आणि माळ ओलांडेपर्यंत तो आवाज पाठीमागे येत राहायचा. पालातल्या बायका तिच्याकडे बघायच्या आणि ती त्यांच्याकडे न बघता, छत्री तिरकी करून, पुढे जायची. तिनं एकदाही कुणाचं नाव विचारलं नव्हतं. आज ते आठवताना तिला छत्रीची ती लाकडी मूठ हाताला लागल्यासारखी वाटली आणि तिनं हात पदराला पुसला.

दुसऱ्या शुक्रवारी मिस टॉलमननी कबरीची गोष्ट सांगितली. वाटेत आजीचं सहा महिन्यांचं मूल तापानं गेलं. जनावरांनी उकरू नये म्हणून रस्त्यातच खड्डा केला, आणि मागच्या सगळ्या गाड्या त्यावरून हाकल्या. आजी गाडीमागे चालत होती, तिनं वळून बघितलं तेव्हा चाकोऱ्यांत जागा ओळखू येत नव्हती. ह्या वेळी सभागृहात नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले. आक्काबाई मोठ्यानं रडत होती. तिची चार मुलं गेलेली होती. आणि 'मी वळून बघितलं' असं म्हणताना एस्तेरचा आवाज फाटला. मिस टॉलमननी तिच्या दंडावर हात ठेवला. त्या स्पर्शानं तिचं रडू जागच्या जागी आटलं. दुःख खरं होतं, हेच तिला सहन होत नव्हतं. खरं दुःख पुढे ठेवून ही बाई ऐंशी एकरांचा सौदा पटवत होती, आणि ह्या बाया रडत रडत त्यात उतरत होत्या, आणि तिला पगार होता तो दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहण्याचा.

चहा झाल्यावर ती पुस्तक घेऊन मिस टॉलमनच्या खोलीत गेली. "हे पान गाळलंय," ती म्हणाली.

मिस टॉलमननी चष्मा लावून बघितलं. "हो. ते त्यांना गोंधळात टाकेल. त्यांना आता धीर हवा आहे, एस्तेर."

"त्या माळावर माणसं राहतात, मिस टॉलमन. मी पाहिली आहेत. विहीर त्यांनी खणली आहे."

"आबासाहेबांनी मला सांगितलंय. ती फिरती माणसं आहेत, पावसाळ्याआधी निघून जातील. त्यांना कुठेही राहता येतं." मग त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचे डोळे खरोखर दयाळू होते, त्यात एस्तेरला कधीच खोट काढता आली नव्हती. "तुझे लोक गावाबाहेर राहिले, किती पिढ्या? आता त्यांना स्वतःची जमीन मिळते आहे. तुला आनंद नाही होत?"

"होतो," एस्तेर म्हणाली. बाहेर आल्यावर व्हरांड्यातल्या नळावर तिनं चूळ भरली.

तिसऱ्या शुक्रवारी हात वर करायचे होते. सभागृह भरलं होतं, पुरुष दारात उभे होते, शांतवनही छापखान्यातून आला होता. मिस टॉलमननी आजीच्या म्हातारपणाचं वर्णन केलं. तिथे आता गाव आहे, चर्च आहे, गव्हाची शेतं आहेत. "आणि हे सगळं," त्या म्हणाल्या, "जिथे काहीच नव्हतं, तिथे." त्यांनी मान कलती केली. एस्तेरनं ते वाक्य सांगितलं नाही. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि म्हणाली, "हे माझ्या आजीचं पत्र आहे," आणि मराठीत वाचू लागली. मका, भोपळे, पेव, बर्फातली बाई, दार. मग पुस्तक मिटून, आपल्या स्वतःच्या आवाजात, तिनं माळाबद्दल सांगितलं. पालं किती, विहीर कुणाची. मिस टॉलमनना मराठी फार येत नव्हती, पण 'खर्डा' कळला, 'विहीर' कळली, आणि पुस्तकाची निळी रेघ मारलेली बाजू त्यांना समोरूनच दिसत होती. एस्तेरला वाटलं, आता ह्या बाया उठतील. आपल्याला त्यांच्याविषयी जे वाटत आलं ते खोटं ठरेल. तिला ते खोटं ठरायला हवं होतं.

रतनबाई उठली. तिनं पदर खोचला. "बाई, तुमी वाचलं ते समदं समाजलं. वाईट झालं त्या बाईचं. पर मला येक सांगा. आमी जिथं ऱ्हातो तिथनं आमाला कवा बी हाकलत्यात. आमच्यासाटी कुनी असं पत्र लिवलं हुतं का? जमीन मिळती हाय ती सोडा म्हनायला तुमी उबं ऱ्हायला. तुमाला पगार हाय. तुमाला खोली हाय."

"त्यांची विहीर घ्यायची, रतनबाई?"

"आमी न्हाई गेलो तर दुसरं कुनी घेईल. पालवाल्यांना ठिवतंय कोन?" आणि तिनं हात वर केला. कोपरापर्यंत गोंदलेला, सरळ. तिच्यामागे एक, मग आणखी दोन. आक्काबाईनं हात वर केला नाही; ती खाली बघत सतरंजीचा दोरा ओढत बसली. पण तिच्या सुनेनं केला. मिस टॉलमननी हात मोजले. सात. त्यांनी एस्तेरला विचारलं, "ती काय म्हणाली?" एस्तेरला सगळं सांगता आलं असतं, शब्द न् शब्द. "ती म्हणाली, आम्ही जातो," एस्तेरनं सांगितलं.

मिस टॉलमन रागावल्या नाहीत. त्यांनी तिला खोलीत बोलावून तिच्यासाठी प्रार्थना केली, तिच्यासमोर, गुडघे टेकून, आणि एस्तेरला शेजारी गुडघे टेकावे लागले. जूनमध्ये तिची बदली केडगावच्या बालवर्गावर झाली. दुभाष्याचं काम पाळकांच्या मुलीकडे, रोझीकडे, गेलं. ती गोड बोलायची आणि अवघड वाक्यं गाळायची. आवारातल्या खोल्या सोडाव्या लागल्या. केडगावात पत्र्याची एक खोली मिळाली, आणि शांतवन रोज सकाळी सायकलवर नगरला जाऊ लागला. त्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही, नुसता पत्र्याकडे बघायचा. बालवर्गातली मुलं 'अ' गिरवताना पाटीवर थुंकत, आणि तिला त्यांच्याबद्दलही काही वाटत नसे. जे झालं त्याचा तिला पश्चात्ताप नव्हता. तिच्याजवळ एक गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे आपण बरोबर होतो, आणि ती गोष्ट ती दिवसभर जिभेखाली धरून असायची.

पुढच्या चैत्रात रतनबाईचा निरोप आला, माळावरून येणाऱ्या एका माणसाबरोबर. "बाईला म्हनावं, येऊन बगून जा." एस्तेर जाणार नव्हती. मग सुट्टी लागल्यावर ती जामखेडच्या सर्व्हिस मोटारीत बसली. खर्ड्याच्या फाट्यापासून दोन कोस चालायचं होतं. वाटेत तिनं ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. नुसतं बघायचं. त्यांची दशा झालेली असेल आणि ती आपण बघायची, एवढ्यासाठीच आपण चाललो आहोत हे तिला ठाऊक होतं, आणि तरी पाय उचलत होते.

सातांपैकी चार कुटुंबं उरली होती. दगडमातीची चार घरं, अंगणात ज्वारीचा कडबा. पालं कुठे दिसत नव्हती. लांब ओढ्यापलीकडे पालांची दोन-तीन काळी ठिगळं होती फक्त. रतनबाई ओळखू येत नव्हती. ती वाळली होती, ओठ फुटले होते. तिनं एस्तेरला दारातल्या बाजेवर बसवलं आणि जणू कालपासून चाललेलं बोलणं पुढे चालवावं तसं सांगू लागली. पहिल्या पावसात भिंत पडली. आषाढात आक्काबाईची सून बाळंतपणात गेली. मूल आडवं आलं, गाडी नव्हती, दोघींनी मिळून ओढायचा प्रयत्न केला, पण नाही निघालं. "तितं पुरली," तिनं हनुवटीनं दाखवलं. एका बांधावर पांढरे दगड होते. "लई वारं सुटतं बाई इतं. दुपारचं कुनी नसलं का वाऱ्याचंच बोलनं आयकायचं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एस्तेरनं रतनबाईच्या हाताकडे बघितलं. तिला तो हात धरावासा वाटला, आणि तिनं तो धरला. रतनबाईनं थोडा वेळ धरू दिला.

तेवढ्यात ओढ्याकडून एक बाई आली. डोक्यावर मडकं, कडेला मूल. ती विहिरीपासून दहा पावलांवर थांबली आणि मडकं खाली ठेवून उभी राहिली. हाक मारली नाही. रतनबाई उठली. "मुक्ते, तितंच ऱ्हा," ती म्हणाली, आणि तो आवाज निराळाच होता, एस्तेरनं तो गावोगावच्या पाणवठ्यांवर ऐकला होता, वरच्या जातीच्या बायका आपल्या आईशी बोलताना ऐकला होता. रतनबाईनं पोहरा शेंदला, विहिरीच्या काठावरून दोन पायऱ्या उतरली आणि वरूनच, हात लांब करून, मडक्यात पाणी ओतलं. अर्धं बाहेर सांडलं. मुक्ता वाकून मडकं धरून होती. तिच्या कडेवरच्या मुलानं सांडत्या धारेखाली हात धरला आणि चाटला. दुसरा पोहरा रतनबाईनं दिला नाही. मुक्तानं मडकं उचललं आणि गेली.

"विहीर त्यांनीच खणलीय," एस्तेर म्हणाली. तिचं तिलाच ते कुठून तरी लांबून आल्यासारखं वाटलं.

"म्हाईत हाय की. तिच्या सासऱ्यानं कातळ फोडला, तीच सांगती." रतनबाई पोहरा उपडा घालत होती. "म्हून तर वर चढू देत न्हाई. येक डाव चढली का उद्या म्हनल, हीर माजी. मंग आमी कुटं जायाचं? सांगा तुमी. इतं माजी मानसं पुरलेली हायत."

एस्तेरनं शब्द शोधला. तिच्याजवळ आयुष्यभर सगळ्यांसाठी एकेक शब्द होता, मिस टॉलमनसाठी, शांतवनसाठी, सतरंजीवर रडणाऱ्या बायांसाठी, आणि तो लगेच जिभेवर यायचा. आता जीभ कोरडी होती, टाळ्याला चिकटली होती. दोन कोस ती उन्हातून चालत आली होती. रतनबाई घरात गेली, पितळेचा पेला राखेनं घासून घेऊन आली, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी, पाहुण्याला द्यावा तसा, तिच्यापुढे धरला. "घ्या बाई. बरपासारकं हाय." ओढ्याकडे मुक्ताची पाठ अजून दिसत होती. पेल्याला बाहेरून दव आलं होतं. एस्तेरनं तो घेतला. एका घोटानंतर थांबायचं तिनं ठरवलं होतं, पण पाणी खरोखरच थंड होतं, आणि तिनं ते सगळं प्यायलं, मान मागे टाकून, थेंब हनुवटीवरून गळ्यात गेले तरी न थांबता. आणि मग, रतनबाईनं विचारायच्या आत, तिनं पेला आणखी पाण्यासाठी पुढे केला.